तिसरें काम

दुसऱ्याच्या चोवीस तासांची वांटणी करून देणें हा माझा जुना छंद आहे. स्वतःचे चोवीस तास मला आजवर कधीं नीट वांटतां आले नाहींत, ही गोष्ट माझ्या पत्नीला पूर्णपणें व माझ्या विद्यार्थ्यांना अर्धवट ठाऊक आहे. परंतु त्यामुळें माझ्या उत्साहांत कांहीं उणें पडत नाहीं. एखादा विद्यार्थी अडचण घेऊन आला, कीं मी एक कोरा कागद पुढें ओढतों, त्यावर दोन उभ्या रेघा मारतों, आणि तीन रकाने पाडून वर लिहितों : अभ्यास, काम, इतर. मग झोपेचे सात तास वजा करतों, जेवणाखाण्याचे दोन वजा करतों, आणि उरलेले तास त्या तीन रकान्यांत बसवून, वैद्यानें पुडी बांधून द्यावी तसा तो कागद त्याच्या हातीं ठेवतों. 'तोल सांभाळ,' असें शेवटीं सांगायला मी विसरत नाहीं. जवळजवळ तीस वर्षें मी इंग्रजी शिकवीत आहें, आणि असे किती कागद मीं आजवर वांटले असतील याची गणती नाहीं. त्यांतला एक कागद मात्र माझ्याकडे परत आला. त्याचीच ही हकीकत.

जुन्नर तालुक्यांतल्या आमच्या महाविद्यालयांत उन्हाळ्याच्या सुट्टींत मी इंग्रजीचे जादा वर्ग घेतों. पहिल्या वर्षीं ज्यांचा हा विषय राहून जातो, पण 'ए.टी.के.टी.'च्या आधारानें जे कसेबसे पुढच्या वर्गांत सरकलेले असतात, त्यांच्यासाठीं हे वर्ग. वेळ सकाळीं आठ ते दहा, आठवड्याचे सहा दिवस. तीन वर्षांपूर्वींच्या मे महिन्यांत या वर्गांत घाटघरचा एक मुलगा होता. तो एक दिवस येई आणि दोन दिवस येत नसे. आला, कीं शेवटच्या बाकावर बसे. वाचायला सांगितलें, कीं पुस्तकांत इतका वाकून वाची, कीं त्याचा आवाज कागदांतच जिरून जावा. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मीं त्याला बोलावून घेतलें.

घाटघर म्हटल्यावर पुष्कळांना अकोले तालुक्यांतलें, जलविद्युत् प्रकल्पाचें घाटघर आठवतें. हें तें नव्हे. हें जुन्नरच्या पश्चिमेला सुमारें ३० किलोमीटरांवर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशीं, सह्याद्रीच्या अगदीं काठावर वसलेलें गांव. येथून थोडें पुढें गेलें, कीं नाणेघाट लागतो आणि जमीन एकदम खालीं कोंकणांत उतरते. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. पावसाळ्यांत येथें असा पाऊस कोसळतो, कीं समोरचा जीवधन दिवसचे दिवस दृष्टीस पडत नाहीं. आणि त्याच गांवांत मे महिन्यांत बायकांना हंडे घेऊन पाण्यासाठीं वणवण करावी लागते. भात, नाचणी, वरई हीं पिकें एका पावसाळ्याचीं. उन्हाळ्यांत हातांत रोख पैसा देणारें एकच पीक, आणि तेंहि शेतांतलें नव्हे, रानांतलें : हिरडा.

"सर, हिरड्याचे दिवस आहेत," हेंच त्यानें गैरहजेरीचें कारण सांगितलें. मला हिरडा ठाऊक होता तो त्रिफळा चूर्णांतला. बाकीचें त्यानें मला तुटक तुटक वाक्यांत समजावून दिलें. फळ पिकण्यापूर्वीं, कोवळें असतांनाच काढून वाळविलें, कीं त्याचा बाळहिरडा होतो, आणि औषधासाठीं त्याला मागणी असल्यामुळें मोठ्या हिरड्यापेक्षां त्याला भाव चढा मिळतो. झाडावर चढून फांद्या झोडपायच्या हें तरण्या माणसाचें काम. खालीं वेंचायचें बायकांचें आणि मुलांचें. मग तें फळ उन्हांत पसरून खडखडीत वाळवायचें, आणि हें सारें वळवाच्या पावसानें गांठण्यापूर्वीं उरकायचें. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें या भागांतलीं कितीतरी हिरड्याचीं झाडें मोडून पाडलीं होतीं. त्यांच्या घरचींहि पडलीं होतीं. जीं उरलीं, त्यांतल्याच एकावरून आदल्या वर्षीं वडील घसरले आणि उजवा हात अधू करून बसले. म्हणून आतां झाडावर चढायचें तें यानें.

मीं कागद पुढें ओढला. अभ्यासाच्या रकान्यांत माझा वर्ग आणि मुक्कामी एस.टी.नें जाण्यायेण्याचा वेळ घातला. कामाच्या रकान्यांत हिरडा घातला, आणि भातरोपांसाठीं राब भाजण्याचें कामहि घातलें. कारण तेंहि याच महिन्यांत उरकावें लागतें, असें त्यानें सांगितलें. तिसऱ्या रकान्याशीं येऊन मीं विचारलें, "संध्याकाळीं काय करतोस?"

"शाळेच्या ओट्यावर पोरं बसवितो, सर. वाचायला."

मग उलगडा झाला. हिवाळ्यांत आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचें सात दिवसांचें शिबिर त्याच्याच गांवांत भरलें होतें. त्यांत आमच्या विद्यार्थ्यांनीं रोज संध्याकाळीं लहान मुलांकडून धडे वाचून घेतले होते. शिबिर आठव्या दिवशीं तंबू गुंडाळून परतलें. यानें तो वर्ग तसाच चालूं ठेवला. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर तर मुलांची संख्या वाढलीच.

"किती वेळ?"

"दीड-दोन तास."

मला जणूं चोर सांपडला. दोन तासांप्रमाणें आठवड्याचे बारा तास. माझ्या वर्गाचेहि नेमके तितकेच! गणित इतकें स्वच्छ सुटलेलें पाहून मला जो आनंद झाला, तो लपविण्याचें कारण नाहीं. मीं तिसऱ्या रकान्यावर एक आडवी रेघ ओढली आणि म्हणालों, "हें सोडून दे. कायमचें नको, परीक्षा होईपर्यंत. समाजसेवा चांगली खरी, पण आधीं स्वतःच्या पायावर उभें राहावें माणसानें."

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग अगदीं हळू, वर्गांत वाचतांना बोलत असे तितक्याच हळू, म्हणाला, "सर, तेवढं एकच काम माझं आहे." कागद त्यानें उचलला, घडी घातली, पुन्हां उलगडला, आणि टेबलावर ठेवून तो निघून गेला. जातांना नमस्कार करायला तो विसरला नाहीं.

मला थोडा रागच आला. तरुण वयांत अशीं वाक्यें सुचतात, असें म्हणून मीं तो कागद खणांत टाकला.

पुढल्या रविवारीं पुण्याहून आलेल्या दोघां स्नेह्यांना नाणेघाट दाखवावा म्हणून मी तिकडे गेलों. नाणेघाटांतलें लेणें, तेथला ब्राह्मी लेख, जकातीसाठीं ठेवला होता असें लोक सांगतात तो दगडी रांजण, हें सारें पाहून परततांना पांच वाजून गेले होते. घाटघरांत पाणी प्यायला गाडी थांबविली, तों शाळेच्या ओट्यावरून मुलांच्या वाचण्याचा गलका ऐकूं आला. मी स्नेह्यांना गाडीपाशीं ठेवून तसाच पुढें गेलों.

पंधरावीस मुलें असावीत. बालभारतीचीं जुनीं, कोपरे झडलेलीं पुस्तकें. एकेका पुस्तकावर तीन तीन डोकीं. मध्यें माझा विद्यार्थी. हिरड्यानें काळवंडलेले हात मांडीवर ठेवून तो एका सातआठ वर्षांच्या मुलीचें वाचन ऐकत होता. ती एका जोडाक्षराशीं अडली. मी असतों, तर तें अक्षर मीं तत्काळ सांगून टाकलें असतें. तास संपायचा असतो ना! तो मात्र कांहींच बोलला नाहीं. मुलीचें बोट त्या अक्षरावर थांबलें होतें, आणि तोहि थांबला होता. शेवटीं तिचें तिला तें अक्षर सुटलें, आणि बोट पुढें सरकलें. मग त्यानें मान हलविली व पुढच्या मुलाला नांवानें हांक मारली. काय खणखणीत हांक होती ती! शेवटच्या बाकावरचा तो पुटपुटणारा मुलगा हाच कीं काय, असा क्षणभर मला संशय आला. पाण्याच्या वाटेवर थांबलेली एक म्हातारी कौतुकानें तिकडे पाहत होती. मी कोण हें तिला ठाऊक नव्हतें. ती मला म्हणाली, "आमचा मास्तर हाय त्यो."

मी त्याला न भेटतांच परत फिरलों. भेटून काय सांगणार होतों?

परतीच्या वाटेवर 'तेवढं एकच काम माझं आहे' या वाक्याचा अर्थ मला हळूहळू लागत गेला. हिरडा तो घराच्या गरजेसाठीं झोडपीत होता. त्यांत निवड नव्हती. माझा वर्ग त्याच्यावर विद्यापीठानें लादला होता. त्यांतहि निवड नव्हती. शिवाय शाळेंत पाऊल टाकल्यापासून हा मुलगा कोणाचें ना कोणाचें कांहींतरी घेतच आला होता : फीची माफी, शिष्यवृत्ति, वसतिगृहांतली जागा, पुस्तकपेढींतलीं पुस्तकें. हें सारें त्याच्या हक्काचें. त्यांत उपकार कोणाचाच नाहीं. परंतु ज्या अर्जावर तें मिळतें, त्या अर्जांत त्याचें नांव 'लाभार्थी' या शब्दापुढें लिहावें लागतें. वर्षानुवर्षें लाभार्थी म्हणून सह्या करणाऱ्या माणसाला, आपणहि कोणाला कांहीं देऊं शकतों, असें सांगणारी एक जागा लागते. त्या मुलाची ती जागा म्हणजे शाळेचा ओटा. आणि मीं आडवी रेघ ओढली होती ती नेमकी तिच्यावर.

आमच्या घरांत एक दंतकथा आहे. माझे आजोबा १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत कोंकणांतून पुण्यास शिकायला आले, आणि त्या काळच्या गरीब विद्यार्थ्यांप्रमाणें वार लावून जेवले. म्हणजे सात दिवस सात घरीं. माझे वडील दर परीक्षेच्या तोंडावर ही कथा आम्हां भावंडांना ऐकवीत, आणि आम्ही ती ऐकतां ऐकतां भरल्या ताटावर जांभया देत असूं. आजी मात्र त्या कथेंत एक गोष्ट जोडीत असे, आणि ती कोणी फारशी मनावर घेत नसे. बुधवारच्या घरीं आजोबा त्या घरच्या दोन मुलांना गणित शिकवीत. कोणीं त्यांना तसें सांगितलें नव्हतें, आणि त्याबद्दल कांहीं मिळतहि नव्हतें. आजी म्हणे, "सहा दिवस ते जेवायचे, बुधवारी मात्र पोट भरायचं." घाटघराहून उतरतांना मला आजीच्या या वाक्याची आठवण झाली. दंतकथेंतलें खरें मर्म तिला एकटीलाच ठाऊक होतें.

शिकतां शिकतां काम करणें ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं सातारा जिल्ह्यांतल्या काले या गांवीं रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी महाविद्यालय उघडलें, आणि विद्यार्थ्यानें आपल्या श्रमांवर शिकावें हें तत्त्व तेथें प्रत्यक्ष आचरणांत आणून दाखविलें. आज विद्यापीठांतून चालणाऱ्या 'कमवा व शिका' योजनेला त्यांचेंच नांव दिलेलें आढळतें. अमेरिकेंत केंटकी राज्यांत १८५५ सालीं स्थापन झालेलें बेरिया हें महाविद्यालय विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नाहीं. परंतु तेथें प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कोणीहि असो, आठवड्यांतून ठराविक तास काम करावेंच लागतें. फुकट मिळालेल्या अन्नानें मान खालीं जाते, कमावलेल्या अन्नानें ती वर राहते, हें या थोर माणसांनीं ओळखलें होतें. पण कमाई झाली तरी तो व्यवहारच; श्रम द्यावे आणि मोल घ्यावें. मोल न घेतां देणें ही याच्याहि पलीकडची पायरी, आणि ती केवळ भरल्या घरच्या माणसांसाठीं राखून ठेवलेली नाहीं. आपण सुशिक्षित लोक मात्र तसें समजून चालतों. ज्याच्यापाशीं वेळ आणि पैसा उरतो त्यानें सेवा करावी, आणि ज्याच्यापाशीं तो नाहीं त्यानें ती निमूटपणें करून घ्यावी, अशी आपली अव्यक्त वांटणी असते. माझ्या कागदावरचा तिसरा रकाना तरी दुसरें काय सांगत होता?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं सुरू झाली. तींतल्या विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास सेवा करावी असा नियम आहे. त्या तासांची नोंद होते आणि शेवटीं प्रमाणपत्र मिळतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर अशा कामाला श्रेयांकहि मिळूं लागले आहेत. हें वाईट आहे असें मी म्हणणार नाहीं. नोंदीच्या निमित्तानें कां होईना, आमचीं मुलें घाटघरापर्यंत पोंचलीं. पण शिबिर उठल्यानंतरचे त्या मुलाचे तास कोणत्याच वहींत नाहींत. गंमत अशी, कीं त्याच्या गांवाशेजारच्या नाणेघाटांतला तो सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख म्हणजे देण्याची एक भली मोठी यादीच आहे. सातवाहनांच्या राजकुळानें कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई दिल्या, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण नाणीं, हें सारें तेथें आंकड्यांनिशीं खडकांत कोरलेलें आहे, आणि भारतांतल्या जुन्यांत जुन्या अंकचिन्हांत त्या आंकड्यांची गणना होते. हा लेख राणी नागनिकेचा मानतात. दिलेलें लिहून ठेवावें असें राजकुळालाहि वाटलें. तेव्हां आमच्या हजेरीपटाला काय हंसावें! मीं एवढेंच ठरविलें, कीं ज्या तासांची नोंद नाहीं, ते तास रिकामे आहेत असें यापुढें समजायचें नाहीं.

येथें वाचक कदाचित् म्हणतील, कीं प्राध्यापकमहाशय आतां गरिबीचे गोडवे गाऊं लागले. तसें मुळींच नाहीं. 'कष्ट करून शिकला' असें कौतुकानें म्हणणें फार सोपें असतें, कारण ते कष्ट म्हणणाऱ्याला करावे लागलेले नसतात. त्या मुलाची ओढाताण मीं डोळ्यांनीं पाहिली आहे. वर्गांत त्याचे डोळे मिटत. हातावर ओरखडे असत. वडिलांच्या हाताला उपचार वेळेवर मिळते, तर तो त्या उन्हाळ्यांत झाडावर चढला नसता. त्याचें ओझें कमी व्हायलाच हवें होतें. प्रश्न एवढाच होता, कीं तें कोणीं आणि कोणत्या बाजूनें कमी करावें. मीं तें त्याच्या बाजूनें कमी करूं पाहिलें, आणि तेंहि त्याला सर्वांत प्रिय असलेली वस्तु काढून घेऊन. माझ्या बाजूनें कांहीं कमी करतां येईल, हें मला सुचलेंच नाहीं. कारण माझें वेळापत्रक हें मी सूर्योदयासारखें अढळ धरून चाललों होतों.

सोमवारीं मीं वर्गांत प्रथमच विचारलें, "तुमचा उन्हाळा कसा चालला आहे?" आधीं कोणी बोलेना. मग एकेक जण बोलूं लागला. एक मुलगी पहाटे नारायणगांवाकडे टोमॅटोच्या तोडणीला जात होती. एक जण आळेफाट्याच्या एका खाणावळींत रात्रीं उशिरापर्यंत वाढप्याचें काम करीत होता. एकाच्या घरीं आजी अंथरुणाला खिळलेली. एकवीस मुलांपैकीं निव्वळ विद्यार्थी असे फक्त चार निघाले! आम्हीं तेथल्या तेथें ठरविलें : सहा दिवस दोन दोन तासांऐवजीं तीन दिवस चार चार तास, आणि तेहि दुपारीं. तास बाराचे बाराच राहिले. एस.टी.च्या फेऱ्या आणि त्यांचें भाडें निम्म्यावर आलें. सकाळीं रान आणि मळे मोकळे झाले. आणि घाटघरच्या मुलाला वर्गानंतरच्या गाडीनें ओट्यावर थोड्या उशिरा कां होईना, पण पोंचतां येऊं लागलें. मला स्वतःला दुपारची वामकुक्षी सोडावी लागली. हा त्याग मीं मोठ्या मनानें केला असें घरीं कोणी मानीत नाहीं.

यामुळें चमत्कार घडला असें नाहीं. तो मुलगा इंग्रजींत काठावर उत्तीर्ण झाला. पुढच्या वर्षीं दुसरा एक विषय राहिला, आणि तीन वर्षांच्या पदवीला त्याला चार वर्षें लागली. पूर्वीं मी याला वाया गेलेलें वर्ष म्हटलें असतें. त्या चार वर्षांत ओट्यावरचीं किती मुलें अडखळल्यावांचून वाचूं लागलीं, हें मला ठाऊक आहे; म्हणून आतां तसें म्हणायला जीभ वळत नाहीं.

यंदा निकाल लागल्यावर तो घरीं आला. पेढे नव्हते. त्यानें पिशवींतून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातांत दिली. "बाळहिरडा आहे, सर. वर्गांत तुमचा घसा बसतो ना." मी संकोचलों. त्याच्या घरीं हिरड्याच्या किलोकिलोला किंमत आहे, हें मी जाणून होतों. "अरे, कशाला आणलास? विकायचा माल हा," असें माझ्या ओठांवर आलें; पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलें आणि तें शब्द मीं गिळले. दोन्ही हात पुढें करून मीं ती पुडी घेतली.

ती माझ्या टेबलाच्या खणांत, त्या तीन रकान्यांच्या कागदाशेजारींच आहे. दुपारच्या वर्गाला जाण्यापूर्वीं मी एक तुकडा तोंडांत टाकतों. तुरट लागतो, पण घसा मोकळा होतो.